गाईचं इंजेक्शन, माझी गोळी

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीच्या देवळामागे राहून मला तीस वर्षं झाली. इथे गल्लीत गाईला वाट द्यावी लागते, हे पहिल्या आठवड्यातच शिकले. दुखण्याच्या गोळीपासून जपायला शिकायला मात्र साठी उलटली.

गुडघे धरले की मेडिकलमध्ये ‘वलि मात्तिरै’, म्हणजे दुखण्याची गोळी, म्हणायचं, एवढंच. दुकानदार पाकीट कात्रीने कापून सुट्या गोळ्या पुडीत देई. नाव नेमकं कापलेल्या भागात राही. अशी दोन महिने मी डायक्लोफेनॅक खाल्ली, तीही बीपीच्या टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीच्या जोडीने. गुडघा झकास. पावलं सुजली, क्रिएटिनिन वाढलं.

डायक्लोफेनॅकसारखी औषधं वेदना आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयारच होऊ देत नाहीत. संशोधक जॉन व्हेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिनबाबत हे दाखवलं. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर राखतात, मूत्रपिंडाला रक्त पुरवतात. माझ्या आधीच्या दोन गोळ्यांत ही तिसरी म्हणजे मूत्रपिंडाची तिहेरी कोंडी. त्यात चेन्नईचा मे, अंगातलं पाणी घामात गेलेलं.

गिधाडंही याच डायक्लोफेनॅकने, मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. औषध दिलेल्या गुरांचं मांस त्यांनी खाल्लं होतं. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तर माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या. म्हणून २०१५ मध्ये केंद्राने माणसांच्या इंजेक्शनची बाटली एका डोसाची, ३ मिलीची केली. कंपन्या मद्रास हायकोर्टात गेल्या. २०१७ मध्ये कोर्टाने सरकारचाच निर्णय उचलून धरला. गाईच्या इंजेक्शनसाठी एवढी लढाई, आणि माझी गोळी कात्रीने कापून!

डायक्लोफेनॅक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा कायदा आहेच. तो उद्या काटेकोर पाळा, असं मात्र मी म्हणणार नाही. इथल्या मॅन्शनमधल्या, म्हणजे भाड्याच्या खोलीतल्या, पोराने दाढदुखीसाठी दिवसाचा रोज बुडवायचा का? संधिवातवाल्याला ही गोळी काय देते, तेही मला ठाऊक आहे. मागणं इतकंच: पुडीवर नाव लिहा आणि विचारा, बीपीचं काही चालू आहे का, पोटात व्रण होता का, पोटुशी आहात का. माझं काम आता बहुधा चोळायच्या जेलवर भागतं. त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं.

परवा पावसात मेडिकलमध्ये एक पोरगा तापाने फणफणत आला आणि ‘वलि मात्तिरै’ मागू लागला. डेंग्यूचे दिवस, त्यात या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मी मध्येच म्हटलं, “तंबी, पॅरासिटमॉल घे, आणि रक्त तपासून ये.” दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, कात्री खाली ठेवली.