आपले पर्यटन आणि आपली ओळख

उन्हाळ्याची चाहूल लागली, की येथील आपल्या कुटुंबांतून एकच विषय सुरू होतो : यंदा सुट्टीत कोठे जायचे? कोणी पोर्ट्समथहून गाडीसह बोटीने फ्रान्सला उतरतात, कोणी स्पेनच्या किनाऱ्यावर आठवडा काढतात, कोणी स्वित्झर्लंडची हिमशिखरे पाहून येतात. भीमजयंतीच्या कार्यक्रमातही भोजनाच्या पंक्तीत विमानाच्या तिकिटांची आणि हॉटेलांच्या दरांची चर्चा रंगते. यात गैर काहीच नाही. ज्यांच्या आजोबांना गावाची वेस ओलांडतानाही चार वेळा विचार करावा लागत होता, त्यांच्या नातवंडांनी जग पाहावे, यासारखी आनंदाची गोष्ट कोणती? परंतु साउथहॅम्प्टनसारख्या बंदराच्या शहरात इतकी वर्षे काढल्यावर एक प्रश्न माझ्या मनात दृढ होत गेला आहे. आपण जग पाहतो हे खरे. पण जगापुढे आपण कोण म्हणून उभे राहतो?

हा प्रश्न मला ग्रंथवाचनातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी येथील काही मराठी कुटुंबांनी मिळून एक बस ठरवली आणि आम्ही सर्व पॅरिसमार्गे स्वित्झर्लंडला निघालो. प्रवास सुखाचा होता. डबे उघडले गेले, गाण्याच्या भेंड्या झाल्या. माझ्या शेजारच्या आसनावरील एका वयस्क बाईंनी मोठ्या आपुलकीने विचारले, "डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?" मी म्हणालो, "नागपूरकडचे." "नागपूरकडचे म्हणजे कोण?" त्यांनी पुन्हा विचारले. या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला कळला नाही असे नव्हे. मी हसलो आणि खिडकीबाहेरच्या तळ्याकडे बोट दाखवून विषय बदलला. रात्री हॉटेलच्या खोलीत माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, आपण बौद्ध आहोत हे तुम्ही त्या आजींना का सांगितलं नाही?" मी तिला म्हणालो, "उगाच प्रवासात वाद नको." ती काही बोलली नाही. माझ्या उत्तराने तिचे समाधान झाले नव्हते आणि माझेही झाले नव्हते.

त्या रात्री मला बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनाची आठवण झाली. त्यातील बहुतेक प्रसंग प्रवासातले आहेत, हे आपण क्वचितच लक्षात घेतो. 1934 सालची हकिकत तर चक्क एका सहलीची आहे. चळवळीतील सहकाऱ्यांनी बाबासाहेबांपाशी त्यांच्यासह सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जणांची ही मंडळी नाशिकहून निघाली. अस्पृश्य प्रवाशांना आडभागांत सोसाव्या लागणाऱ्या अडचणी टाळण्यासाठी आपली ओळख प्रकट करायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. त्यामुळे वाटेवरच्या गावांतील आपले लोक त्यांना भेटायला आले नाहीत. दौलताबादच्या किल्ल्यापाशी पोहोचेपर्यंत सर्वांची तोंडे धुळीने माखली होती. दरवाजाजवळच्या लहानशा हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून, अस्पृश्यांनी हौद बाटवला, अशी ओरड करीत एक वृद्ध मुसलमान मागून धावत आला आणि पाहता पाहता जमाव जमला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती एका अटीवर : आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. आणि त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई बरोबर देण्यात आला.

कोलंबिया आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांतून शिकून आलेला, गोलमेज परिषदेत ब्रिटिश पंतप्रधानांसमोर आपल्या समाजाची कैफियत मांडून आलेला हा पुरुष स्वदेशातील एक किल्ला पाहायला गेला, तर त्याच्यावर शिपायाचा पहारा बसला. त्याच पुस्तकात बाबासाहेब बडोद्याची कहाणीही सांगतात. अमेरिका आणि युरोपातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव त्यांच्या मनातून पार पुसली गेली होती. परत आल्यावर बडोदा स्टेशनवर उतरताच, आता राहायचे कोठे, या प्रश्नाने ती पुन्हा जागी झाली.

दौलताबादच्या वाटेवर त्या मंडळींनी ओळख झाकली, ती पाणी आणि निवारा यांच्या भीतीने. त्यांच्यावर परिस्थितीची सक्ती होती. स्वित्झर्लंडच्या बसमध्ये माझ्यावर कोणती सक्ती होती? माझ्या खिशात पारपत्र होते, हॉटेलात खोली राखून ठेवलेली होती, पाण्याची बाटली हातात होती. मला कोणी उतरवून देणार नव्हते. तरीही मी गप्प बसलो. आपल्यापैकी अनेकांनी असे मौन पाळले असेल, म्हणूनच ही गोष्ट येथे लिहीत आहे.

जात हिंदुस्थानातच राहिली, ती समुद्र ओलांडून आली नाही, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांनी एकदा ब्रॉकनहर्स्टला जाऊन यावे. न्यू फॉरेस्टमधील हे गाव साउथहॅम्प्टनहून आगगाडीने अगदी थोड्या अंतरावर आहे. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी तेथे 'लेडी हार्डिंज रुग्णालय' उघडण्यात आले होते. गावाबाहेरच्या टेकडीवर सेंट निकोलस चर्च आहे. त्याच्या आवारात सुखा नावाच्या एका माणसाची समाधी आहे. हा सुखा संयुक्त प्रांतातील बरेलीचा. त्या रुग्णालयात तो सफाईचे काम करीत असे. 12 जानेवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो येथे वारला. त्याच्याविषयी हकिकत अशी सांगितली जाते, की तो अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचे दहन करण्यास नकार दिला, आणि तो मुसलमान नव्हे म्हणून मुसलमानांच्या दफनभूमीतही त्याला जागा मिळाली नाही. अखेर ब्रॉकनहर्स्टच्या धर्मोपदेशकाने त्याला आपल्या चर्चच्या आवारात विसावा दिला. गावकऱ्यांनी त्याच्यासाठी शिळा उभारली. हा मनुष्य ख्रिस्ती नव्हता, पण त्याने आपले आयुष्य इतरांसाठी वेचले, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर कोरलेला आहे.

पुढे त्याच गावात न्यूझीलंडच्या सैनिकांचे रुग्णालय आले. त्यांच्याही नव्वदांहून अधिक कबरी त्या आवारात आहेत आणि दर वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ तेथे प्रार्थना होते. आमच्या कुटुंबाने सुखाची समाधी पाहिली, तेव्हा माझी मुलगी त्या शिळेपाशी बराच वेळ उभी होती. स्वित्झर्लंडच्या त्या रात्री मी जे सांगू शकलो नव्हतो, ते तिला त्या शिळेने सांगितले. सुखा बौद्ध नव्हता, महाराष्ट्रातलाही नव्हता. पण तो आपलाच होता. हजारो मैलांवर, युद्धाच्या धामधुमीतही जातीने त्याचा पिच्छा सोडला नाही. आजही हा विषय या देशात मिटलेला नाही. जातीय भेदभावाचा समावेश समता कायद्यात करावा, अशी तरतूद 2013 साली ब्रिटिश संसदेने केली. 2018 मध्ये सरकारने ती अमलात न आणण्याचा निर्णय जाहीर केला.

यावर कोणी म्हणेल, "डॉक्टर, मुले वर्षभर अभ्यास करतात. त्यांच्या चार दिवसांच्या सुट्टीवर या दुःखद इतिहासाचे ओझे कशाला?" हा आक्षेप प्रामाणिक आहे. त्याला मी माझ्या व्यवसायातील अनुभवाने उत्तर देतो. रुग्ण समोर आला, की आम्ही प्रथम त्याचा आणि त्याच्या कुटुंबाचा पूर्वेतिहास विचारतो. तो रुग्णाला खिन्न करण्यासाठी नसतो. पुढे काय उद्भवू शकते आणि त्याला तोंड कसे द्यावे, हे त्यावरून कळते. आपल्या मुलांना आज ना उद्या महाविद्यालयात, कचेरीत किंवा एखाद्या बसमध्ये तो दुसरा प्रश्न कोणीतरी विचारणारच आहे. त्या दिवशी उत्तर त्यांच्या ओठांवर असावे की त्यांनीही खिडकीबाहेर बोट दाखवावे, हे आपल्या हाती आहे.

याउलट दुसऱ्या टोकाला जाण्याचाही धोका आहे. आपली काही कुटुंबे लंडनला 10, किंग हेन्रीज रोड येथे जातात. 1921-22 च्या सुमारास विद्यार्थिदशेत बाबासाहेब ज्या घरात राहत होते, ती वास्तू महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतली, ही अभिमानाची बाब आहे. पण पुष्कळदा आपण पुतळ्याजवळ छायाचित्र काढतो, हात जोडतो आणि पुढच्या स्थळाकडे वळतो. भगवान बुद्धांच्या धम्मात तीर्थयात्रेने पुण्य मिळत नाही. बाबासाहेबांचे प्रवासही तसले नव्हते. 1950 मध्ये ते श्रीलंकेतील कँडीला जागतिक बौद्ध परिषदेस गेले, 1954 मध्ये रंगूनला गेले आणि महानिर्वाणाच्या काही आठवडे आधी, नोव्हेंबर 1956 मध्ये, काठमांडूला गेले. मधुमेहाने पोखरलेल्या ज्या प्रकृतीला कोणताही डॉक्टर प्रवासाची अनुमती आनंदाने देणार नाही, त्या प्रकृतीने ते फिरत होते. बौद्ध देशांत धम्म प्रत्यक्ष आचरणात कसा आहे, भिक्खू समाजासाठी काय करतात, हे त्यांना पाहायचे होते. जे उणे वाटले, त्यावर ते स्पष्ट बोलले. पाहणे, विचारणे आणि पारखणे ही त्यांच्या प्रवासाची रीत होती.

म्हणून धम्मबंधू-भगिनींना माझे नम्र सांगणे आहे, की स्पेनला जरूर जा, मुलांना समुद्रात मनसोक्त डुंबू द्या. पाण्यात निर्भयपणे उतरणारे आपले मूल पाहताना महाडचे चवदार तळे आणि दौलताबादचा हौद आठवला, तर त्या दोन घटका मुलांना त्याविषयी सांगा. भारतात गेल्यावर वेरूळची लेणी दाखवाल, तेव्हा दौलताबादच्या दरवाजापाशी थांबून 1934 ची हकिकत सांगा. जयंतीच्या महिन्यात एखाद्या रविवारी साउथहॅम्प्टनच्या परिसरातील कुटुंबांनी एकत्र जमून ब्रॉकनहर्स्टला जावे आणि सुखाच्या समाधीवर चार फुले वाहावीत. आणि प्रवासात कोणी आपुलकीने किंवा कुतूहलाने "तुम्ही कोण?" असे विचारले, तर वाद न घालता, आवाज न चढवता, सरळ सांगावे, "आम्ही बौद्ध आहोत."

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा एका सामुदायिक सहलीला गेलो होतो. तसाच प्रश्न आला. मी उत्तर देण्यापूर्वीच माझ्या मुलीने ते शांतपणे दिले. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग समोरच्या बाईंनी डब्यातला लाडू तिच्या हातावर ठेवला आणि गप्पा पुढे सुरू झाल्या. प्रत्येक वेळी असे होईलच, असे मी म्हणत नाही. कोणी तोंड फिरवील, कोणी विषय बदलील. पण ती अडचण त्यांची असेल. आपल्या मुलांनी ती आपली मानू नये, एवढे जरी आपण साधले, तरी इतक्या दूर येऊन घरे बांधल्याचे सार्थक होईल.

जय भीम!