कुत्र्याच्या हृदयांतील जंत : कोणता उपाय बरा?

घरांत पाळलेला कुत्रा खोकूं लागला, थोडें धांवतांच धापा टाकूं लागला, किंवा अन्न टाकून कोपऱ्यांत पडून राहिला, म्हणजे लहानथोर कोणासच चैन पडत नाहीं. आपल्या समाजांतील पुष्कळ कुटुंबें आतां अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. तिकडील दक्षिणेच्या राज्यांत व मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत अशीं लक्षणें दिसलीं कीं पशुवैद्य हृदयांतील जंतांची शंका अवश्य घेतात. या रोगावर निरनिराळे उपाय सांगितले जातात व त्यांच्या खर्चांत अंतरहि बरेंच असतें. तेव्हां घरच्या मंडळींनीं निवड कोणत्या विचारानें करावी, हें आज येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा जंत ‘डायरोफायलेरिया इमायटिस’ या नांवानें ओळखला जातो. तो डासांमार्फत पसरतो. कुत्र्याच्या स्पर्शानें किंवा चाटण्यानें तो मुलांबाळांस होत नाहीं. डास चावतांना शरीरांत शिरलेलीं पिलें सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढतात व फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या भागांत ठाण मांडतात. मादी सुमारें 25 ते 30 सेंटिमीटर लांब असते व जंत 5 ते 7 वर्षें जगूं शकतो. यावरून विलंबाची किंमत काय, हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

पहिला उपाय मेलारसोमीन या औषधाच्या इंजेक्शनांचा. यांत सोमल असतो, आणि सोमलाचें नांव काढतांच घरांतील वडील मंडळी दचकतात. ही भीति अगदींच निराधार नव्हे. पूर्वीं थायासिटारसामाइड नांवाचें सोमलाचेंच औषध शिरेंतून देत. त्यापासून यकृतास व मूत्रपिंडास अपाय होण्याचा संभव मोठा असे. मेलारसोमीन त्या मानानें पुष्कळच निर्धोक आहे. तें कमरेच्या स्नायूंत खोलवर टोंचतात. दोन इंजेक्शनांनीं सुमारें 90 टक्के जंत मरतात, तर तीन दिल्यास हें प्रमाण सुमारें 98 टक्क्यांवर जातें. म्हणून अमेरिकन हार्टवर्म सोसायटी तीन इंजेक्शनांचीच शिफारस करते : प्रथम एक, आणि महिन्यानंतर चोवीस तासांच्या अंतरानें दोन. तत्पूर्वीं 28 दिवस डॉक्सिसायक्लिन देतात. जंताच्या शरीरांत ‘वोल्बाकिया’ नांवाचे जंतु वस्ती करून असतात. ते या औषधानें मरतात, जंत दुबळा होतो आणि तो मेल्यावर होणारा दाहहि कमी होतो.

दुसरा उपाय सावकाशीचा. यांत डॉक्सिसायक्लिनबरोबर आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन महिन्याच्या महिन्यास देत राहावयाचें. यास खर्च कमी व सोमलाचा प्रश्न नाहीं, म्हणून तो सौम्य वाटतो. परंतु येथेंच पुष्कळांची फसगत होते. या मार्गानें जंत मरावयास वर्ष किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो, आणि तोंपर्यंत जिवंत जंत रक्तवाहिन्यांस इजा करीतच राहतात. इंजेक्शन मिळत नसेल, किंवा प्रकृति अगर पैसा यांमुळें तें शक्य नसेल, तेव्हां हा मार्ग पत्करावा. केवळ सोमलाच्या धास्तीनें पत्करूं नये.

तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. जंतांचा गुंता हृदयांतून वाहणारें रक्तच अडवूं लागला, लघवी लालसर-काळपट झाली व कुत्रा एकाएकीं कोसळला, तर मानेच्या शिरेंतून चिमट्यानें जंत ओढून काढावे लागतात. हा आणीबाणीचा इलाज होय.

इंजेक्शन घ्या कीं गोळ्या द्या, एक गोष्ट सुटत नाहीं, ती विश्रांति. मेलेल्या जंताचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसांत जाऊन अडकतात. कुत्रा धांवला कीं रक्ताचा वेग वाढतो व हे तुकडे जीवावर बेततात. म्हणून शेवटच्या इंजेक्शनानंतर सहा ते आठ आठवडे त्यास दोरी लावूनच, हळूहळू व मोजकेंच फिरवावें. सावकाशीच्या उपायांत तर हेंच बंधन वर्षभर पाळावें लागतें. एकत्र कुटुंबांत हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. चार माणसांनीं नियम पाळावा आणि पांचव्यानें लाडानें अंगणांत चेंडू फेंकावा, असें झालें तर औषध व पैसा दोन्ही व्यर्थ जातात. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वींच घरांतील सर्वांनीं, मुलांनींसुद्धां, एकत्र बसून हें ठरवावें.

आपल्या देशांतील वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगतों. हा हृदयांतील जंत इकडे प्रामुख्यानें ईशान्य भारतांत आढळला आहे. इतरत्र त्याच जातकुळीचा, पण कातडीखालीं राहणारा दुसरा जंत आढळतो व त्याचींहि पिलें रक्तांत दिसतात. म्हणून रक्तांत पिलें दिसलीं, एवढ्यावरून घाबरून उपचार आरंभूं नये; जंत कोणता, हें तपासणीनें निश्चित करून घ्यावें.

सर्वांत स्वस्त उपाय प्रतिबंधाचा. आयव्हरमेक्टिनची अल्प मात्रा दरमहा दिल्यास नुकतींच शिरलेलीं पिलें वाढण्यापूर्वींच मरतात. ती सुरू करण्यापूर्वीं रक्त तपासून घ्यावें, आणि मोठ्या जनावरांसाठीं असलेलें औषध अंदाजानें कुत्र्यास कदापि देऊं नये. कॉली जातीच्या कित्येक कुत्र्यांस तर अधिक मात्रा घातक ठरते. मुक्या जीवास आपलें दुखणें बोलून दाखवितां येत नाहीं. तेव्हां त्याच्या वतीनें विचार करण्याचें कर्तव्य त्यास घरांत आणणाऱ्यांचेंच आहे.