बोनेट माझं, कुलूप कुणाचं?

पहाटेचे साडेतीन वाजले होते. चौक्याच्या अलीकडच्या चढाला पिकअपच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. पोरगा म्हणाला, "अण्णा, गाडी उचलंना गेली." अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकवला तरी गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली. हौद्यात कोथिंबिरीच्या अठराशे जुड्या, वर ओलं गोणपाट, त्यावर ताडपत्री. जाधववाडीच्या मार्केटात पहाटे जो भाव निघतो तो दहा वाजता राहत नाही. कोथिंबीर म्हणजे काही कांदा नव्हे, की आज नाही तर उद्या विकू.

गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं, बॅटरी मारली. डिझेल होतं. ऑइल बरोबर, पाणी बरोबर, पट्टा जागेवर. कुठं गळती नाही, कुठं वेगळा आवाज नाही. मी तीस-पस्तीस वर्षं डिझेल इंजिनाशी संसार केलेला माणूस, पण त्या दिवशी पाहुण्यासारखा हात मागं बांधून उभा राहिलो.

मागून ओळखीच्या दोन पिकअप आल्या. आम्हा पिकअपवाल्यांत एक नियम आहे, तो कुणी कागदावर लिहिलेला नाही. रात्री रस्त्याला पिकअप उभी दिसली की थांबायचं. ते थांबले. पाने, पक्कड, वायर सगळ्यांकडं होतं, पण हात कुठं घालावा हे कुणालाच कळेना. शेवटी त्यांनी माझ्या सातशे जुड्या आपल्या मालावर चढवल्या. बाकीचा माल दुसऱ्या गाडीनं अकराला पोचला. सकाळी बारा रुपयांना गेलेली जुडी तेव्हा तीन रुपयांनाही कुणी घेईना.

गाडी टोचन करून सर्व्हिस सेंटरला नेली. दोन दिवस नंबर लागला नाही. तिसऱ्या दिवशी एका पोरानं लॅपटॉप लावला आणि पाच मिनिटांत सांगितलं, सायलेन्सरजवळच्या एका सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली आहे. वायर जोडायला दहा मिनिटं आणि चिकटपट्टीचा एक तुकडा लागला. टोचन, चेकिंग चार्ज, मजुरी धरून बावन्नशे रुपये झाले. कंपनीचं नाव मी घेत नाही. कट्ट्यावर बसतो तेव्हा प्रत्येक कंपनीच्या गाडीवाला हीच गोष्ट सांगतो.

उंदराचा मला राग नाही. त्याचं काम त्यानं केलं. राग याचा आहे की वायर माझी, गाडी माझी, हप्ता मी भरतो, आणि कोणती वायर तुटली हे मला सांगायला गाडी तयार नाही. ती फक्त लॅपटॉपवाल्याशी बोलते.

माझी पहिली पिकअप २००४ साली घेतली, जुनीच. तिला साधा डिझेल पंप होता. डिझेल संपून पाइपात हवा शिरली तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा, बुडबुडे बंद झाले की स्क्रू आवळायचा. तरी नाही घेतली तर नोजलच्या पाइपांचे नट सैल करून सेल मारायचा. सतराचा पाना आणि एक फडकं, एवढ्यावर गाडी घरी यायची. काळा धूर आला तर एअर फिल्टर नाहीतर नोजल, पांढरा आला तर पाणी नाहीतर टायमिंग, निळा आला तर ऑइल जळतंय. लेकरू का रडतंय हे आईला कळतं तसं ते कळायचं. माझं शिक्षण दहावी, पण डिझेल इंजिनाची शाळा मी रस्त्यावर शिकलो. मास्तर होते मोंढा नाक्याजवळचे एक मिस्त्री चाचा.

जाधववाडीला माल उतरवून झाला की गेटाबाहेर चहाच्या टपरीवर आमचा कट्टा बसतो. फुलंब्री, कन्नड, सिल्लोड, वैजापूर, सगळीकडचे पिकअपवाले असतात. कुणी पाटे वाढवलेत, कुणी ऑइल किती किलोमीटरला बदलतो, कुणाचा क्लच किती चालला, यावर भांडणं होतात. कुणाच्या गाडीनं तीन लाख किलोमीटर इंजिन न उघडता काढले तर त्याला चहा फुकट. आमच्यासाठी ते पारितोषिकच. हल्लीची पोरं लाइटा आणि स्टिकरवर पैसा घालतात, पण गाडीवरची माया तीच. या कट्ट्यावर माणूस गाडी सांभाळायला शिकायचा. आता तिथं एकच वाक्य ऐकू येतं, "शोरूमला न्यावी लागंल."

कुणी म्हणेल, म्हातारा जुन्याला कवटाळून बसलाय. तसं नाही. जुन्या गाड्यांचा धूर मी खाल्लाय आणि शहरातल्या लोकांना खाऊ घातलाय. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक बीएस-४ च्या ५० पीपीएमवरून १० वर आलं. हे चांगलंच झालं. हर्सूलच्या सिग्नलला उभ्या असलेल्या लेकराच्या नाकात माझ्या गाडीची काजळी जाऊ नये, हे मला मान्य आहे. नव्या इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर तो पाइप सैल केला तर धार कातडीत घुसते, हेही मला माहीत आहे. म्हणून तर माहिती पाहिजे. धोका आहे म्हणून माहिती लपवायची, हे उलटं शास्त्र झालं.

आमच्याही चुका आहेत, त्या झाकणार नाही. दीड टनाच्या गाडीत तीन टन भरतो आणि पाटा मोडला की कंपनीला शिव्या देतो. स्वस्तातलं ऑइल टाकतो. ज्या गाड्यांना डीईएफ लागतं त्यात शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. डीईएफमध्ये साडेबत्तीस टक्के युरिया असतो खरा, पण तो शुद्ध, क्षार काढलेल्या पाण्यातला. आपल्या गोणीतल्या युरियाला निंबोळीचं तेल चोळलेलं असतं. सगळी यंत्रणा चोक होते आणि लाखाच्या घरात खर्च येतो. काही जण तर सायलेन्सर कापून काजळीचा फिल्टरच काढून टाकतात. हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही. पण त्या फिल्टरला साफ व्हायला गाडी काही वेळ सलग, गरम होऊन पळावी लागते, हे गाडी विकताना कुणी सांगितलं? शेत ते मार्केट, गतिरोधक आणि खड्डे यांत ती कधी पळणार? अजिंठा रस्ता तर कित्येक वर्षं खोदलेलाच होता.

आता कुलुपाची गोष्ट. स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. पोरानं बाराशे रुपयांचं यंत्र आणलं, मोबाईलला जोडलं. ते एक नंबर दाखवतं. काही नंबरांचा अर्थ सापडतो, काहींचा कंपनीकडंच असतो. चाचांकडं गेलो. चाचा म्हणाले, "भाऊ, आजकल इंजेक्टर मैं बिठाता, मगर उसका नंबर कंप्यूटर को कंपनीवाला बताता. तब तक गाडी मानती नहीं." बऱ्याच नव्या गाड्यांत हे खरं आहे. हातातलं कसब तेच, पण परवानगी दुसऱ्याची. चाचांचा पोरगा आता मोबाईलची कव्हरं विकतो.

हे गाऱ्हाणं माझ्या एकट्याचं नाही आणि नवंही नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात देत नाहीत, तपासणीची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या मेकॅनिकला देत नाहीत, हाच ठपका. मग अपिलं, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. २०२२ साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं आहेत, वाहनंही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल निघालं. माझी गाडी मात्र पोर्टलनं चालत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ साली सरळ कायदाच केला. शेतीयंत्राची पुस्तिका, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कंपनीनं शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायचं. तिथला हजार एकरवालाही याच दुखण्यानं रडत होता, मग पाच एकरवाल्यानं का गप्प बसावं?

माझं मागणं फुकटाचं नाही. गाडीबरोबर दुरुस्तीची पुस्तिका मराठीत द्या. प्रत्येक नंबराचा अर्थ त्यात छापा. तपासणीचं सॉफ्टवेअर वाजवी किमतीत गावच्या मेकॅनिकला विका. आयटीआयमध्ये पोरांना चालू गाड्यांवर शिकवा, वीस वर्षांपूर्वीच्या इंजिनावर नको. वॉरंटीतलं काम तुमच्याकडं राहू द्या, आमची हरकत नाही. धूर वाढवणारी छेडछाड केली तर दंडही करा. पण तुटलेली वायर जोडणं ही छेडछाड नाही.

शहरातल्या वाचकाला वाटेल, आपल्याला काय त्याचं. तुमचा फ्रिज, तुमचा मोबाईल, तुमची कार त्याच रांगेत उभी आहे. फक्त तुमच्या हौद्यात कोथिंबीर नसते, म्हणून तुम्हाला थांबणं परवडतं.

आणि माझ्या कट्ट्यावरच्या भावांनो, पुढची गाडी घेताना शोरूममध्ये हार घालून फोटो काढायच्या आधी तीन प्रश्न विचारा. पुस्तिका कुठं आहे? पिवळा दिवा लागला तर त्याचा अर्थ मला कोण सांगणार? हा भाग बाहेर मिळतो का? मी विचारलं तेव्हा सेल्समन हसला. हसू द्या. रोज दहा जणांनी विचारलं तर त्याला वरच्या साहेबाला फोन करावाच लागेल.

येत्या पावसाळ्यात मी पुन्हा कोथिंबीर करणार आहे. उंदीरही असणारच.