रॅम नको, आधी डिस्क पाहा

डहाणू-तलासरीतल्या छोट्या संस्थांचे सर्व्हर मी सांभाळतो. काम मंदावले की मागणी एकच: रॅम वाढवा. एका पतसंस्थेत ऐन बाजाराच्या दिवशी रांग खोळंबली होती. प्रोसेसर निवांत, डिस्कचा प्रतिसाद मात्र २०० मिलिसेकंदांवर गेलेला. एकाच हार्ड डिस्कसंचावर पाच आभासी सर्व्हर, भरदुपारी बॅकअप आणि महिनोन्‌महिने साचलेले स्नॅपशॉट. बॅकअप रात्री नेला, स्नॅपशॉटही रात्रीच काढले, डेटाबेस एसएसडीवर हलवला; रांग सरकू लागली.

फिरती डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर-दोनशे फुटकळ वाचन-लेखने पेलते, एसएसडी हजारो. म्हणून निविदेत टेराबाइटबरोबर हा वेगही मागा आणि प्रतिसादवेळ रोज नोंदवा. पाड्यावरून दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाची मजुरी आपल्या हलगर्जीपणापायी बुडता कामा नये.