चाचणीच्या विहिरी कोणाला विचारून?

कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने उभे असलेले कारखाने एकामागून एक बंद पडले. यंत्रे भंगारात गेली, कामगार देशोधडीला लागले, जमिनींचे सोने झाले. विक्रोळीतही टॉवर आणि काचेची कार्यालये उभी राहिली. पण कारखान्याच्या जमिनीत वर्षानुवर्षे जे मुरते, ते कारखान्याबरोबर जात नाही.

ते शोधायचे तर चाचणीच्या विंधन विहिरी घ्याव्या लागतात, आणि त्या कोठे घ्यायच्या यातच सारे राजकारण आहे. भूजलाची दिशा ठरविण्यास किमान तीन विहिरी लागतात. त्यांतील एक तरी चढाच्या अंगाला हवी. विक्रोळीचा उतार पार्कसाइटच्या टेकडीकडून ठाण्याच्या खाडीकडे आहे. खाली काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतून वाट काढते. भेग चुकली की विहीर निर्दोषत्वाची साक्ष देते. धातू धुण्याचे ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावण पाण्याहून जड, ते खोल उतरते. तेव्हा ज्याला काही सापडू नये असे वाटते, त्याला खोटा अहवाल लिहिण्याचे पाप करावे लागत नाही. भलत्या जागी उथळ विहीर घेतली की काम भागते!

योग्य जागा कोणाला ठाऊक असते? कोणत्या शेडमागे पिंपे रिकामी होत, हे तेथे पंचवीस वर्षे पाळी केलेला कामगार सांगू शकतो. सल्लागाराच्या नकाशात ते नसते. पण या कामगाराला बोलावण्याची वाटच बंद केलेली आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने जनसुनावणीसाठी ३० दिवसांची पूर्वसूचना सक्तीची केली खरी. त्याच अधिसूचनेने मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना आणि इमारत-बांधकामांना सुनावणीतून सूट दिली. वसाहतीत कारखाना काढताना लोकांना विचारायचे नाही, कारखाना पाडून टॉवर बांधतानाही नाही. मग विचारायचे तरी केव्हा?

मुंबईकर नळाचे पाणी पितो, त्याला भूजलाची चिंता कशाला, ही मखलाशी ठरलेलीच आहे. एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घ्यावा लागला. ते टँकर विहिरींवर आणि विंधन विहिरींवरच भरतात. उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरींचे पाणी काळे केले. साफसफाईचा खर्च कारखानदारांनी सोसावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. पण विहिरी गेल्या त्या गेल्याच.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केले. कचराभूमीतील घनकचऱ्याचे प्रदूषण त्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. म्हणजे कन्नमवारनगरच्या शेजारची कांजुरमार्गची कचराभूमी बाहेरच! तरीही संशयित स्थळाच्या प्राथमिक तपासणीस ९० दिवस आणि सखोल पाहणीस आणखी तीन महिने, अशी मुदत त्यांत आहे. या मुदतीतच, पहिले भोक पाडण्यापूर्वी, वस्तीत मराठीतून जाहीर सभा घेऊन विहिरींच्या जागा आणि खोली ठरली पाहिजे. नमुने मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा घ्यावेत, प्रत्येक नमुन्याची दुसरी बाटली रहिवाशांच्या पसंतीच्या प्रयोगशाळेकडे जावी आणि निष्कर्ष रेशन दुकानाच्या फलकावर लागावेत. कार्यकर्त्यांनी तोवर निवृत्त कामगारांच्या घरोघरी जाऊन पिंपांच्या आणि गटारांच्या जुन्या जागा नकाशावर उतरवून घ्याव्यात. त्यांतले बरेच जण आता सत्तरीच्या पुढे आहेत.