सायकलची चेन आणि आपली हाडे

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये कंत्राटी कामाला असलेला बावीस वर्षांचा तरुण दवाखान्यात आला तो डावा हात उजव्या हाताने छातीशी धरूनच. सोबत थोरला भाऊ. "डॉक्टर, चेन उतरली अन् चाकच जाम झालं बघा. कसा पडलो कळलंच न्हाई." एक्स-रे काढला. गळ्याखालचे आडवे हाड, ज्याला कॉलरबोन म्हणतात, मधोमध मोडले होते. कोपर आणि गुडघा सोलून निघाला होता. पुणे रस्त्यावर मागून येणारे वाहन लांब होते म्हणून एवढ्यावर निभावले. हात झोळीत बांधला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि सांगितले की हाड जुळायला सहा आठवडे, जड वजन उचलायला तीन महिने. कंत्राटी माणसाचे तीन महिने म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

वाचकहो, आरोग्याच्या सदरात सायकलच्या चेनचा विषय पाहून काहींना वाटेल की डॉक्टरांनी आता पंक्चरचे दुकान टाकले. पण कोंडी, पाकणी, चिंचोळीकडून येणाऱ्या रुग्णांना आम्ही तंबाखू विचारतो, दारू विचारतो, झोप विचारतो. ज्या वाहनावर तो माणूस पाळीला जातो-येतो त्याची अवस्था मात्र विचारत नाही. ही आमचीच चूक, असे माझे मत झाले आहे.

या तरुणाची सायकल साधी नव्हती, 'फिक्स' केलेली होती. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याने मागच्या चाकाचे फ्रीव्हील वेल्ड करून घेतले होते. वेल्डिंग मशीन एमआयडीसीत हाताशीच. आपल्या नेहमीच्या सायकलला फ्रीव्हील असते, म्हणून उतारावर पाय थांबवून निवांत बसता येते. फिक्समध्ये ती सोय नाही. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच, आणि वेग कमी करायचा तर पायानेच पायडल अडवावे लागते. ही काही चुकीची सायकल नव्हे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्यात बालेवाडीला उभ्या केलेल्या संकुलात सायकल शर्यतींचा वेलोड्रोम आहे. अशा धावपट्टीवर याच जातीच्या सायकली, त्याही बिनब्रेकच्या, चालतात. तिथे सगळे एकाच दिशेने जातात, आडवी म्हैस येत नाही, उसाचा ट्रॅक्टर वळत नाही. पुणे रस्त्यावर पुढचा ब्रेक नसलेली फिक्स सायकल चालवणे मला मुळीच मान्य नाही.

साध्या सायकलची चेन उतरली तर पाय हवेत फिरतात, माणूस वैतागतो, हात काळे करून चेन चढवतो. फिक्सची चेन उतरली तर पायाचा ब्रेक त्या क्षणी संपतो. आणि ती दाते व दांडी यांच्या मध्ये अडकली तर मागचे चाक जागीच थांबते. आमच्या रुग्णाचे तेच झाले. शिवाय या सायकलीत चेन दोन्ही बाजूंनी राबते, पुढे जाताना वरची बाजू ताणली जाते आणि वेग कमी करताना खालची. चेन सैल असेल तर प्रत्येक वेळी ती ढिलाई एका हिसक्यात भरून निघते आणि तो हिसका सरळ गुडघ्याच्या वाटीला बसतो. पायडल अडवताना मांडीचे स्नायू आवळलेले असतानाच ताणले जातात. वाटीखालची नस दुखते ती त्यामुळे. (जिममधल्या स्पिनिंगच्या सायकलीही बहुधा याच जातीच्या असतात. जड चक्र जोरात फिरत असताना पाय एकदम थांबवू नयेत.)

झोळीत हात घालून बसलेल्या या गड्याने मला पहिला प्रश्न काय विचारावा? "डॉक्टर, तुटणार न्हाई अशी चेन कुठली?" हसू आले, पण प्रश्न बरोबर होता. मी कोंडीकडच्या एका जुन्या सायकल मिस्त्रींकडे जाऊन बसलो आणि शिकलो. त्यांचे पहिलेच वाक्य होते, "चेन तुटत न्हाई, झिजती."

हिशेबही तेच सांगतो. पासष्ट किलोचा माणूस उभा राहून पायडल मारतो तेव्हा क्रँकच्या लांबीमुळे चेनवर साधारण सव्वाशे किलोचा ताण येतो. चांगली नवी चेन सुमारे आठशे किलोपर्यंत तग धरते. म्हणजे पायाच्या जोराने धडधाकट चेन तुटणे कठीण. बिघाड होतो तो पिन आणि बुश यांच्या घासण्याने. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये बुश आणि रोलरची चेन काढली, तेव्हापासून रचना तीच आहे. प्रत्येक कडीत पिन, तिच्यावर बुश, त्यावर फिरणारा रोलर. आपण म्हणतो चेन 'ताणली'. पोलादाची पत्ती ताणली जात नाही. शंभरावर पिना केसभर-केसभर झिजतात आणि त्या सगळ्यांची बेरीज चेनच्या लांबीत दिसते. लांबलेली चेन दात्यावर नीट बसत नाही, वर चढते, घसरते. तिच्याबरोबर दातेही कुरतडले जाऊन माशाच्या काट्यासारखे वाकडे होतात.

हे ओळखायला डॉक्टर नको, स्टीलची बारा इंची पट्टी पुरे. एमआयडीसीतल्या माणसाला सूत शिकवायला नको, एका इंचाचे आठ सूत. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढची पिन बरोबर चार सुतांवर असते. म्हणून वरची चेन ताठ करून पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावे. बारा इंचाच्या खुणेवर पिनेचा मध्यच यायला हवा. ती पिन अर्धा सूत पुढे सरकली असेल तर चेन बदलावी, दाते अजून वाचलेले असतात. एक सूत पुढे गेली असेल तर दातेही गेले असे समजावे. तिथे नुसती नवी चेन टाकणे म्हणजे खड्ड्यात नवे टायर घालणे. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते आणि माणूस म्हणतो, कंपनीने फसवले.

आता खरेदीविषयी. पाकिटावर दोन आकडे असतात. पहिला अर्धा इंच, तो सर्वत्र सारखाच. दुसरा आतली रुंदी. बिनगिअरच्या आणि फिक्स सायकलला एक सुताची, म्हणजे १/८ इंचाची चेन लागते. गिअरच्या सायकलची चेन पाऊण सुताची (३/३२) किंवा त्याहून अरुंद असते, ती जाड दात्यावर बसतच नाही. दुकानदार "चालती की" म्हणाला तरी घेऊ नये. चकचकीतपणावर भुलू नये, तो गंजाला अटकाव करतो, पिनेला बळ देत नाही. दोन चेन सारख्या लांबीच्या घेऊन आडव्या, पत्तीच्या अंगावर, एका टोकाने हातात धराव्यात. जी कमी लोंबते तिचे सांधे घट्ट. पिनांची डोकी सगळीकडे सारखी फुललेली असावीत आणि प्रत्येक कडी आपल्या वजनाने मोकळी दुमडावी. जुन्या बाजारातली चेन फुकट मिळाली तरी नको. लॉक नवेच घ्यावे आणि त्याच्या पत्तीचे बंद तोंड चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवावे. वरच्या बाजूला पाहिले तर बंद तोंड पुढच्या चाकाकडे. उलटे बसवलेले लॉक कशाला तरी घासून निघते. मिस्त्री म्हणाले, त्यांच्याकडे येणाऱ्या 'तुटलेल्या' चेनपैकी बऱ्याच खरे तर लॉक निघालेल्या असतात.

पण फिक्सवाल्यांनो, नुसत्या चांगल्या चेनवर विसंबू नका. वेल्डिंगच्या आचेने दात्यांची कडकाई जाते आणि फ्रीव्हील किंचित वाकडे होते. दुसरी खोड त्याहून वाईट. साध्या हबवर फ्रीव्हील आट्याने बसलेले असते, ते पायडल मारताना आवळते. पायडल अडवले की तोच आटा उलटा सुटू लागतो. खऱ्या फिक्सच्या हबला म्हणून उलट्या आट्याचे वेगळे लॉकरिंग असते. ते नसेल तर कितीही महागाची चेन घातली तरी ब्रेक भरवशाचा नाही. पुढचे आणि मागचे दाते एका रेषेत हवेत. चेन मधोमध बोटाने वरखाली करून पाहिली तर एकूण चार सूत हलावी. ही तपासणी पायडल एक पूर्ण फेरी हळूहळू फिरवत करावी, कारण मोठे चक्र क्वचितच अगदी गोल असते. आणि बोट लावताना चाक थांबलेले असावे. फिक्समध्ये फिरते चाक बोट आत ओढून नेते आणि मध्ये थांबायची सोय नसते.

बोट अडकलेच तर ओढू नये. चाक वर उचलून, चेन सैल करून किंवा लॉक काढून बोट मोकळे करावे. वाहत्या पाण्याखाली धरावे, स्वच्छ फडक्याने दाबून हात उंच ठेवावा. हळद, चुना, रॉकेल काही लावू नये. बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. तुकडा थेट बर्फात घालू नये. घरातली लहान मुले उभी सायकल पाहिली की हाताने पायडल फिरवतात, तेव्हा साध्या सायकलवालेही यातून सुटलेले नाहीत. हलकी दिसावी म्हणून चेनकव्हर काढून टाकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला आवडत नाही.

आपल्याकडची धूळ हा चेनचा मुख्य वैरी. तेलात माती मिसळली की कानशीच तयार होते. म्हणून आधी फडक्याने चेन पुसावी, मग एकेका रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडावा, पायडल फिरवून बाहेरचे तेल पुन्हा पुसून घ्यावे. तेल आत हवे, बाहेर नको. पावसात काळ्या रानातून सायकल आणली असेल तर त्याच संध्याकाळी हे करावे. आमचे बरेच कामगार मात्र गाड्यांचे जळके ऑइल बाटलीतून आणतात आणि बोटानेच फासतात. त्यात धातूचा कीस असतो, तो चेन खातो. हाताच्या केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. आणि वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण ठरू शकणारे घटक असतात. मांडीवर, कमरेला जळक्या ऑइलचा डाग पडलेली पँट महिनोन्महिने वापरू नये.

दर वर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन येतो. हेल्मेटचे फलक लागतात, शपथ होते, चहा होतो. चांगलेच आहे. पण त्याच गेटच्या आत सायकल स्टँडवर एक हवेचा पंप, एक तेलाची कुपी, एक बारा इंची पट्टी आणि एक पाना साखळीला बांधून ठेवला, तर माझ्या मते कारखान्याला त्याचा जास्त उपयोग होईल. रात्रपाळी सुटल्यावर चेन घसरलेला माणूस महामार्गाच्या कडेला अंधारात वाकून बसतो, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे.

कामगारांनाही एक सांगायचे आहे. २०१० सालच्या दुरुस्तीने ईएसआयच्या कायद्यात घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही कामावरचा धरण्याची तरतूद आली. वेळ, ठिकाण आणि कामाशी संबंध दाखवावा लागतो. विमा असलेल्या कंत्राटी कामगारालाही तो लाभ आहे. पण सायकलवरून पडलेला माणूस लाजतो, 'आपलीच चूक' म्हणून गप्प बसतो आणि चार दिवसांनी सांगतो. पडल्या दिवशीच ठेकेदाराला आणि कारखान्याला कळवावे, कागदावर नोंद करून घ्यावी. आमच्या रुग्णाने चार दिवस सांगितलेच नव्हते, पुढे धावपळ झाली ती त्यामुळे.

सहा आठवड्यांनी दोघे भाऊ झोळी काढायला आले. धाकट्याच्या सायकलला फ्रीव्हील परत बसले होते, पुढचा ब्रेकही होता. दवाखान्याबाहेर थोरल्याची सायकल उभी होती, त्याची रोजची रात्रपाळी. मी टेबलावरची पट्टी घेऊन खाली बसलो आणि धाकट्याला म्हटले, तू मोज. त्याने बऱ्या हाताने पट्टी धरली, दोनदा पाहिले आणि भावाकडे न बघताच म्हणाला, "सव्वा सूत."