यंत्र सुरक्षित, मतदार वाऱ्यावर

पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत हे तसे गजबजलेले, चार पैसे बाळगून असलेले गाव. तुकोबारायांची पालखी येथे मुक्कामाला येते आणि पिठले-भाकरीच्या पंगती उठतात, तेव्हा गावातील पोलीस बंदोबस्त हा गर्दी आवरण्यापुरताच असतो. कोणाला त्याचे दडपण वाटत नाही. तेच यवत १ ऑगस्ट २०२५ रोजी निराळ्या कारणाने महाराष्ट्राला माहीत झाले. छत्रपती शिवरायांच्या पुतळ्याच्या विटंबनेने गाव आठवडाभर अस्वस्थ होतेच, त्यात समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह मजकुराची ठिणगी पडली. जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला आणि जमावबंदी लागू झाली. दारात उभे राहतानाही इकडेतिकडे पाहावे लागणे म्हणजे काय, हे दौंड तालुक्यातील सुखवस्तू कुटुंबांनी त्या दिवसांत अनुभवले.

असे दिवस ज्यांनी चाळीस वर्षे काढली, त्या गडचिरोलीच्या मतदाराविषयी येथे लिहावयाचे आहे. पुणे जिल्ह्यातील वाचकाला गडचिरोली दूर वाटते. वर्तमानपत्रात स्फोटाची बातमी आली की तेवढ्यापुरती ती जवळ येते, पुन्हा दूर जाते. पण लोकशाहीवरील श्रद्धेचे मोजमाप करावयाचे झाले, तर आपण खाली मान घालावी अशी स्थिती आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. राज्यात ते सर्वाधिक ठरले. पुणे शहर ५३-५४ टक्क्यांवर थांबले. ज्या बारामती मतदारसंघात दौंड तालुका येतो, तेथे जेमतेम साठ टक्क्यांपर्यंत मजल गेली. आपले मतदान केंद्र घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत असते, उन्हाची तक्रार करायलाही आपल्याला सवड असते. तिकडे मतदार नाले ओलांडून, जंगलवाट तुडवून येतो, आणि परत जाताना बोटावरची शाई कोणाच्या नजरेस पडेल याचा विचार करीत जातो.

निवडणूक जवळ आली की गडचिरोलीत सुरक्षेची चर्चा सुरू होते. किती तुकड्या येणार, हेलिकॉप्टर कोठे उतरणार, मतदान पथके किती किलोमीटर पायी नेणार, हे सारे आवश्यकच आहे. ८ ऑक्टोबर २००९ रोजी, विधानसभेच्या मतदानाला अवघे पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ माओवाद्यांनी १७ पोलिसांची हत्या केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत धानोरा तालुक्यातील मरकेगाव येथे १५ पोलीस हुतात्मा झाले होते. १ मे २०१९ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक गेले. या रक्ताने ज्यांचे हात माखलेले आहेत, त्यांच्यापासून मतदान पथकांतील शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना वाचविणे हे शासनाचे पहिले कर्तव्य होते, आणि पोलिसांनी ते प्राण देऊन पार पाडले. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळाच आहे. सुरक्षेचा हा सारा हिशेब यंत्राचा आणि पथकाचा होत आला. मतदाराचा हिशेब त्यात कोठे होता? संवेदनशील गावातील केंद्र ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव’ पोलीस ठाण्याजवळच्या मोठ्या गावात हलविले की पथक निर्धास्त होते. परंतु पथकाने जे अंतर तोडायचे ते आता मतदाराला तोडावे लागते. पथकाबरोबर बंदुकधारी जवान असतात, म्हाताऱ्या मतदाराबरोबर त्याची काठी. धोका नाहीसा होत नाही, तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. आणि तो ज्याच्या खांद्यावर जातो त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. मतदान कमी झाले तर ‘बहिष्काराला प्रतिसाद’ असा मथळा मात्र छापून येतो. वीस किलोमीटर चालू न शकलेल्या आजीबाईंना एका फटक्यात माओवाद्यांच्या समर्थकांत जमा करणारी ही पत्रकारिता आपल्याकडे पुष्कळ झाली आहे.

वेळेचेही तसेच. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, तेव्हा राज्यात इतरत्र सायंकाळी साडेपाचपर्यंत मतदान चालले. गडचिरोलीत ते दुपारी तीन वाजता संपले. दिवसही एक नव्हता. १५ आणि २० जानेवारी अशा दोन टप्प्यांत तेथील मतदान उरकावे लागले. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीतही १६ आणि २१ फेब्रुवारी असे दोन टप्पे होते. पथके अंधार पडण्यापूर्वी तळावर परतली पाहिजेत, हे कारण पटण्याजोगे आहे. पण लांबच्या पाड्यावरील बाईला सकाळचे पाणी, चूल, गुरे आटोपून केंद्रावर पोहोचायचे, तर अडीच तासांचा हा फरक म्हणजे कित्येकदा मतदान होणे आणि न होणे यांतील फरक असतो.

लोकसभेच्या वेळी भारत निवडणूक आयोगाच्या मागे केंद्रीय दलांचे बळ उभे असते, देशाचे लक्ष असते. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याला जिल्ह्यातील उपलब्ध मनुष्यबळावरच बव्हंशी विसंबावे लागते. वास्तविक भीती अधिक असते ती याच निवडणुकीत. खासदारकीचा उमेदवार नागपूरला किंवा दिल्लीला राहू शकतो, त्याला अंगरक्षक मिळतो. १९९१ मध्ये माओवाद्यांनी धर्मरावबाबा आत्राम या आमदारांचे अपहरण केले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी सारे शासन हलले होते. ग्रामपंचायतीच्या सदस्याचे काय? तो ज्या झोपडीत राहतो तिला कुडाची भिंत असते. अर्ज भरला त्याच रात्री तो कोठे झोपणार हे सर्व गावाला ठाऊक असते. म्हणूनच अनेक वर्षे या जिल्ह्यात अर्जच न आल्याने जागा रिकाम्या राहिल्या. २०१२ च्या सुमारास तर निवडून आलेल्या सदस्यांच्या सामूहिक राजीनाम्यांची लाट आली. ज्या प्रभागात उमेदवारच नाही, तेथे मतदान केंद्र कितीही सुरक्षित असले तरी मतदाराच्या हाती काय पडते?

मोठ्या शहरांतील मानवाधिकारवाल्यांनी या राजीनाम्यांवर परिसंवाद घेतल्याचे स्मरत नाही. पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रातील सरपंचपद जनजातीच्याच व्यक्तीकडे असते. म्हणजे माओवादी ज्यांना धमकावत होते, ते कोणी जमीनदार वा सावकार नव्हते; ते त्याच माडिया-गोंड समाजातील साधे शेतकरी होते. आणि त्यांच्यावर रोख असण्याचे कारण उघड होते. ‘जनताना सरकार’ नावाची समांतर सत्ता चालवू पाहणाऱ्याला दिल्लीतील संसद फार दूरची. त्याची खरी स्पर्धा गावच्या पंचायतीशी असते. ग्रामसभा जागी असेल तर बंदुकीला गावात काम उरत नाही. मरकेगाव ज्या धानोरा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला त्याच २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी तो ग्रामसभेच्या बळावर, एकही गोळी न झाडता मिळविला. एकाच तालुक्यातील, एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.

काश्मीरचा अनुभव याहून वेगळा नाही. २०१८ मध्ये तेथे नऊ टप्प्यांत पंचायत निवडणुका झाल्या. खोऱ्यात अनेक जागांवर कोणी उभेच राहिले नाही. अनंतनाग जिल्ह्यातील लुकबावनचे सरपंच अजय पंडिता भारती यांनी मात्र उभे राहण्याचे धैर्य दाखविले, निवडूनही आले. त्यांनी संरक्षण मागितले होते. ८ जून २०२० रोजी दहशतवाद्यांनी त्यांना त्यांच्या गावातच गोळ्या घातल्या. ते काँग्रेस पक्षाचे होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. लोकशाहीसाठी पडलेल्या माणसाचा पक्ष विचारायचा नसतो. मतदानाच्या दिवसाचा बंदोबस्त उठतो, पण निवडून आलेल्या माणसाला पाच वर्षे त्याच गावात राहायचे असते, हा धडा त्या हत्येतून शासनाने किती घेतला, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आज हा विषय काढण्याचे कारण असे की, गडचिरोलीतील परिस्थिती पालटली आहे आणि जुनी सबब आता चालणार नाही. १ जानेवारी २०२५ रोजी तारक्कासह ११ माओवाद्यांनी मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. त्याच दिवशी अहेरीहून गर्देवाड्याला एस. टी. सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीतच शरणागती पत्करली. १ डिसेंबर १९९० रोजी उभारलेल्या सी-६० पथकाने, आणि त्यात मोठ्या संख्येने असलेल्या स्थानिक जनजाती तरुणांनी, ही स्थिती आणली. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे येथे पोलीस मदत केंद्रे उभी राहिली. जेथे पोलीस केंद्र कायमचे राहू शकते, तेथे एका दिवसापुरते मतदान केंद्र का राहू शकणार नाही?

शेजारच्या छत्तीसगडने याचे उत्तर दिले आहे. बस्तरमधील चांदामेटा गावात २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत प्रथमच केंद्र उघडले. सुकमा जिल्ह्यातील केरलापेंदा येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये पंचायतीसाठी मतदान झाले, तेव्हा गावकऱ्यांच्या आयुष्यातील ते पहिलेच मतदान होते. त्याच बस्तरमधून २०१८ साली, बोटाला शाई लावू नका, अशी मागणी पुढे आली होती. कारण ती शाईच जंगलात साक्षीदार ठरत होती. शाई काढून टाकणे हा उपाय नव्हे, पण ती मागणी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला मतदाराची वाट कोठून जाते हे कळले असेल.

गडचिरोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आरक्षणाच्या वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी त्या घेण्याचे आदेश दिले, तरी २०२५ हे वर्ष संपेपर्यंत गडचिरोली जिल्हा परिषदेची निवडणूक झालेली नव्हती. बंदुकीच्या धाकातही २०१७ मध्ये जी निवडणूक होऊ शकली, ती बंदूक खाली ठेवली जात असताना कागदपत्रांत अडावी, याला काय म्हणावे? माओवाद्यांनी चाळीस वर्षे हेच सांगितले की, मतदानाने काही होत नाही. प्रशासकाच्या कारभाराखालील प्रत्येक वर्ष त्यांच्या या प्रचाराला पुरावा पुरविते. शरण आलेला तरुण गावी परतेल आणि त्याला निवडून दिलेला जिल्हा परिषद सदस्यच भेटणार नसेल, तर त्याने आपले गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे?

म्हणून राज्य निवडणूक आयोगाने आणि जिल्हा प्रशासनाने प्रत्येक स्थानिक निवडणुकीपूर्वी एक यादी प्रसिद्ध करावी: सुरक्षेच्या कारणाने आजवर कोणत्या गावांतील केंद्रे हलविली, किती अंतरावर हलविली आणि त्यांपैकी कोणती मूळ गावी परत आणणार. जी आणता येणार नाहीत, त्या गावांसाठी वाहन आणि वाटेवरचा बंदोबस्त किती, हेही त्यात लिहावे. अर्ज भरण्याच्या दिवसापासून उमेदवाराला आणि निकालानंतर सदस्याला संरक्षण द्यावे. मुंबई-पुण्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः वनवासी क्षेत्रात जाणाऱ्यांनी, ही यादी हाती घेऊन गावोगाव फिरावे आणि लिहिलेले अंतर खरोखर तेवढेच आहे का, ते पायी चालून पाहावे.